नोंद ठेवली होती, पण शोधली की सापडत नाही: कुठून तपासायला घ्यावं

ऑनलाइन वाचलेलं, जमवलेलं एका जागी ठेवायचं आणि हवं तेव्हा काढायचं, यासाठी कुणी स्वतःच एखादं साधन उभं करतं, कुणी तयार ॲप वापरतं. तक्रार मात्र शेवटी एकच येते: “अहो, ठेवलं होतं मी, नक्की ठेवलं होतं.” माझं स्वतःचं साधन एका एसक्यूलाइट फाइलवर चालतं, म्हणजे सगळा डेटाबेस एकाच फाइलीत. दुवे, कात्रणं, ब्राउझरचा इतिहास, व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवलेले निरोप, सगळं त्यातच. ओळखीतल्या काहींना तेच बसवून दिलंय, त्यामुळे बिघडलं की फोन मला येतो. आणि बिघाड बहुतेक वेळा तोच असतो: नोंद जागेवर असते, शोध तिच्यापर्यंत पोचत नाही. मराठीत नोंदी ठेवणाऱ्यांना हा त्रास जास्त होतो. त्याची कारणं खाली येतीलच.

लक्षणं

आधी आपलं दुखणं यातलं कोणतं ते बघा.

- शब्द पडद्यावर दिसतोय, पण तोच टाइप करून शोधला तर सापडत नाही. नोंदीतून कॉपी करून टाकला तर लगेच सापडतो.
- एक शोधावं तर भलतंच येतं.
- नोंद एक दिवस मागे पडलेली असते, किंवा तारीख थेट २३९४ सालातली दिसते.
- दुवा आहे, त्यामागचं पान गेलंय.
- तेच पान तीन-चार वेळा साठलंय, आणि आपण लिहिलेली टीप नेमकी दुसऱ्याच प्रतीवर.
- पीडीएफ ठेवली आहे, पण तिच्या आतलं एकही अक्षर शोधात येत नाही.
- साधन उघडतानाच डेटाबेस खराब झाल्याचा संदेश येतो. हे लक्षण असेल तर मधलं सगळं सोडा, थेट शेवटच्या भागाकडे जा. तोवर त्या फाइलला हात लावू नका.

१. नोंद खरंच आत आहे का?

हे फुकट आहे आणि दोन मिनिटांत होतं, म्हणून पहिलं. शोधखिडकी रिकामी करा, सगळे गाळणीचे पर्याय काढा आणि नोंदी तारखेनुसार लावून नुसतं खाली सरकत जा. ‘अर्काइव्ह’ आणि कचरापेटीही उघडून बघा. ब्राउझरमध्ये घरचं आणि ऑफिसचं अशी दोन प्रोफाइलं असतील तर नोंद दुसऱ्याच प्रोफाइलात गेलेली असते, हे फार वेळा होतं.

“इतिहासात असेलच की” या भरवशावर राहणाऱ्यांसाठी: क्रोम आपला इतिहास साधारण ९० दिवसच ठेवतो. गणपतीत वाचलेलं पान संक्रांतीला इतिहासात शोधून उपयोग नाही. ते आपल्या साधनात ओढून घेतलेलं असेल तरच आहे. ओढून घेण्याचं काम महिन्यातून एकदा आपोआप व्हावं अशी सोय केलीत तर हा प्रश्न कायमचा मिटतो.

नोंद डोळ्यांनी दिसली तर पुढे चला. दिसलीच नाही तर शोध दुरुस्त करत बसू नका. जिथून नोंदी आत येतात तिथे गडबड आहे.

२. चार शब्दांची चाचणी

नवी कोरी नोंद करा आणि तिच्यात हे शब्द टाका: पुणे, पाणी, दुसऱ्या, ॲप. मग एकेक शब्द हाताने टाइप करून शोधा. त्यानंतर हेच शब्द एखाद्या जुन्या मराठी ब्लॉगवरून किंवा बातमीवरून कॉपी करून दुसऱ्या नोंदीत टाका आणि पुन्हा शोधा. तयार ॲप वापरत असाल तरी ही चाचणी चालते. कुठल्याही ॲपमध्ये वर्षभराच्या नोंदी ओतण्याआधी ती करूनच घ्यावी.

पुणे आणि पाणी यांचा घोळ पाचव्या भागात येईल. ‘दुसऱ्या’ आणि ‘ॲप’ यांनी दगा दिला तर कारण अक्षरांच्या पोटात आहे. ‘दुसऱ्या’तला तो अर्धा र दोन प्रकारे लिहिला जातो. एका पद्धतीत ऱ हे स्वतंत्र अक्षर असतं, युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकातल्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या प्रमाण यादीत, क्रमांक ०९३१, आणि त्यापुढे हलन्त. दुसऱ्या पद्धतीत साधा र, हलन्त आणि त्यामागे न दिसणारा जोडक, ज्याला झेडडब्ल्यूजे म्हणतात. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे, संगणकाला मात्र दोन निराळे शब्द. ‘वाऱ्यावर’, ‘तऱ्हा’, ‘कोऱ्या’, ‘शेतकऱ्यांना’ या सगळ्यांची तीच गत. शेतीविषयक कात्रणं ठेवणाऱ्या माणसाला ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द अर्ध्याच नोंदींत सापडला, तर त्याचा साधनावरचा विश्वास उडणारच.

‘ॲप’ची कथा त्याहून वाईट, कारण तिथे तीन रूपं आहेत. एक, अ अधिक चंद्र. दोन, हिंदी मांडणीतला ऍ. तीन, ॲ हे एकसंध अक्षर, जे युनिकोडमध्ये २००८ साली, म्हणजे बरंच उशिरा आलं. ॲसिड, ॲडव्हान्स, ॲलर्जी: डॉक्टरांच्या चिठ्ठ्या आणि बँकेची कागदपत्रं साठवणाऱ्यांना हे हटकून नडतं.

खात्री करायची असेल तर शब्द लिबरऑफिस रायटरमध्ये टाका, अक्षरामागे कर्सर ठेवा आणि ऑल्टबरोबर एक्स दाबा. अक्षराचा क्रमांक समोर येतो. देठाचा श आणि पाकळीचा ल यांचा मात्र यात काही संबंध नाही. तो फरक फॉन्टचा आहे, क्रमांक एकच असतो, शोधाला त्याने काही होत नाही. बरेच जण उगीच तिथे वेळ घालवतात.

जाणकार मंडळी म्हणतील, एनएफसी करून टाका, म्हणजे युनिकोडचं प्रमाण रूप. करा, पण त्यावर थांबू नका. एनएफसी र आणि नुक्ता, म्हणजे खालचा ठिपका, जोडून ऱ करतं, तेवढंच. झेडडब्ल्यूजे तसाच राहतो आणि ॲची तिन्ही रूपंही तशीच राहतात, कारण युनिकोडच्या लेखी ती एकमेकांची रूपं नाहीतच.

यावरचा उपाय म्हणजे प्रत्येक नोंदीला एक जास्तीचा रकाना. मी त्याला शोधरूप म्हणतो. मूळ मजकूर जसा आला तसा ठेवायचा, त्याला बोट लावायचं नाही. शोधरूपात मात्र हलन्तानंतर झेडडब्ल्यूजे असलेल्या र चा ऱ करायचा, उरलेले न दिसणारे जोडक काढून टाकायचे, ॲची तिन्ही रूपं एकावर आणायची आणि देवनागरी अंकांचे इंग्रजी अंक करायचे. हा क्रम पाळा. जोडक आधी काढलेत तर ‘दुसऱ्या’मधला र य च्या डोक्यावर रफार होऊन बसतो. माणूस शोधखिडकीत जे टाइप करेल त्यालाही हीच चाळणी लावायची आणि मग दोन शोधरूपांची गाठ घालायची. चाळणी एकाच बाजूला लावून ‘तरी सापडत नाही’ म्हणून आलेले फोन मी घेतले आहेत.

३. तारखा

एखादी नोंद कालच्या तारखेला का पडली? रात्री बारा ते पहाटे साडेपाच या वेळेत ती झाली असेल तर उत्तर सोपं आहे. गुगल टेकआउट, म्हणजे गुगलकडचा आपला डेटा उतरवून घ्यायची सोय, तिच्यातून जेसन या साध्या मजकूर-स्वरूपात मिळणाऱ्या हालचालींच्या नोंदी जागतिक वेळेत (यूटीसी) असतात आणि आपण तिच्या साडेपाच तास पुढे. जागरण करून वाचणाऱ्यांची निम्मी नोंद आदल्या दिवशी जमा होते. साठवताना जागतिक वेळच ठेवा, दाखवताना स्थानिक करा. न्यू जर्सीत किंवा लंडनमध्ये राहत असाल तर नुसता ठरावीक फरक मिळवून भागणार नाही, कारण तिकडे उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करतात.

२३९४ सालची गंमत वेगळी. क्रोम काळ मोजतो १ जानेवारी १६०१ पासून, मायक्रोसेकंदांत. फायरफॉक्सही मायक्रोसेकंदांत मोजतो, पण १९७० पासून. सफारी सेकंदांत, तेही २००१ पासून. क्रोमचा आकडा फायरफॉक्सचा समजून वाचला की २०२५ सालातली भेट ३६९ वर्षं पुढे जाऊन पडते. क्रोमच्या आकड्याला १०,००,००० ने भागा आणि त्यातून ११,६४,४४,७३,६०० वजा करा, म्हणजे नेहमीचे १९७० पासूनचे सेकंद मिळतात. सफारीच्या नोंदी ३१ वर्षं मागे दिसत असतील तर तेच दुखणं उलट बाजूने.

व्हॉट्सॲपवरून काढलेल्या गप्पांच्या फाइलमध्ये तारीख फोनच्या भाषेप्रमाणे लिहिली जाते. फोन भारतीय इंग्रजीवर असेल तर ०३/०४ म्हणजे ३ एप्रिल, अमेरिकन इंग्रजीवर असेल तर ४ मार्च. फोन बदलला की जुनी आणि नवी फाइल एकमेकींत अशा मिसळतात की विचारू नका. १२ पेक्षा मोठा आकडा कुठल्या जागी येतो ते आधी शोधा, मगच फाइल आत घ्या. शिवाय वेळेनंतरच्या एएम-पीएमच्या आधी हल्ली साधी मोकळी जागा नसते, एक अरुंद अक्षर असतं. जुनी चालणारी स्क्रिप्ट अचानक शून्य निरोप वाचू लागली तर पहिला संशय त्याच्यावर.

४. दुवा मेलाय का, की नोंद दुप्पट झालीय?

मेलेल्या दुव्यासाठी इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये, म्हणजे जुन्या पानांच्या प्रती दाखवणाऱ्या संकेतस्थळावर, तो पत्ता टाकून बघा. पैसे पडत नाहीत. इंटरनेट अर्काइव्ह १९९६ पासून पानं जमवतंय, त्यामुळे बंद पडलेल्या संकेतस्थळांचीही प्रत अनेकदा मिळते. लॉगिन केल्यावरच दिसणारी पानं तिथे मिळणार नाहीत. नुसता दुवा साठवणं हे साठवणंच नव्हे, असं माझं स्पष्ट मत आहे. संकेतस्थळांवरचं नवं एका जागी वाचायची सोय देणारं गुगल रीडर २०१३ मध्ये गेलं, दुवे नंतर वाचायला ठेवणारं पॉकेट जुलै २०२५ मध्ये बंद झालं. ज्यांच्याकडे पानाचा मजकूर होता त्यांचं फार बिघडलं नाही, ज्यांच्याकडे फक्त पत्त्यांची यादी होती ते अजून मेलेले दुवे उकरतायत. नोंद करतानाच मजकूर ओढून घ्या, किंवा सिंगलफाइलसारख्या ब्राउझरच्या विस्तारकाने (एक्स्टेन्शनने) अख्खं पान एका फाइलीत उतरवून ठेवा.

दुप्पट नोंदींचं कारण पत्त्याच्या शेपटीत असतं. वाचक कुठून आला ते कळावं म्हणून फेसबुकवरून आलेल्या दुव्याला एफबीक्लिड (fbclid) चिकटतं, वार्तापत्रातून आलेल्याला यूटीएमची (utm) माळ, मोबाइलवरून आलेल्याला सुरुवातीलाच एम. साठवण्याआधी या शेपट्या छाटा. मराठी विकिपीडियाच्या पत्त्यांत आणखी एक खोच आहे. कधी पत्ता देवनागरीत येतो, कधी टक्क्यांच्या खुणांत, आणि तिथे एका देवनागरी चिन्हाची नऊ अक्षरं होतात. नुसत्या ‘पुणे’ची छत्तीस. दोन्ही उलगडून एकाच रूपात आणा, मग तुलना करा. जुन्या जोड्या एकत्र करताना टीप असलेली प्रत आधी शोधून बाजूला काढा, मगच दुसरी पुसा.

५. पाणी शोधलं तर पुणे का येतं?

इथून पुढे थोडं हात काळे करावे लागतात. स्वतः साधन बांधलं नसेल तर हा भाग सोडून दिलात तरी चालेल. ॲप बनवणाऱ्यांना कळवण्यापुरतं मात्र वाचून ठेवा.

माझे साडू जलसंधारणाचं काम करतात. त्यांनी एकदा फोन करून सांगितलं, “पाणी टाकलं की तुमचं यंत्र मला पुण्यातले भाड्याचे फ्लॅट दाखवतंय.” त्यांना ती थट्टा वाटली होती, पण यंत्र अगदी नियमाने वागत होतं. एसक्यूलाइटच्या पूर्णमजकूर शोधाचा, म्हणजे एफटीएस५चा, जो नेहमीचा शब्दतोड्या आहे, युनिकोड६१ नावाचा, तो अक्षरं आणि अंक यांनाच शब्दाचा भाग मानतो. आपल्या काना-मात्रा, वेलांट्या, उकार, हलन्त ही युनिकोडच्या हिशेबी अक्षरं नाहीत, खुणा आहेत. म्हणून तो प्रत्येक मात्रेपाशी शब्द तोडतो. ‘पाणी’चे तुकडे होतात प आणि ण. ‘पुणे’चेही प आणि ण. त्याच्या दृष्टीने दोन्ही एकच. इंग्रजी नोंदींवर हे कधीच दिसत नाही, म्हणून साधन बनवणाऱ्याच्या लक्षातही येत नाही.

दुरुस्ती एका ओळीची आहे. शोधसारणी, म्हणजे शोधासाठीची शब्दसूची, बनवताना शब्दतोड्याला दिलेल्या युनिकोड वर्गांच्या यादीत एल (अक्षरं), एन (अंक), सीओ (खाजगी वापराची चिन्हं) यांच्या जोडीला एमएन आणि एमसी हे खुणांचे दोन वर्गही द्यायचे. असलेल्या सारणीत हे बदलता येत नाही, ती टाकून नवी करावी लागते आणि सगळ्या नोंदी पुन्हा अनुक्रमित कराव्या लागतात. म्हणून शोधसारणी मूळ नोंदींपासून वेगळी असायला हवी. आणि हे करण्याआधी फाइलची प्रत काढा.

आता खरी मजा. दुरुस्तीनंतर साडूंचा पुन्हा फोन: “पुणे गेलं, पण पाण्याची, पाण्यात हेही गेलं की!” साहजिकच. आधी शब्दांचा चुरा झालेला असल्यामुळे ‘पाण्याची’मधलेही प आणि ण जुळत होते. आता शब्द अखंड राहतात, आणि मराठीत शब्दाला विभक्ती लागली की त्याचं अंग बदलतं. विहीर, विहिरीत. कापूस, कापसाला. पाऊस, पावसात. शेवटी तारका देऊन सुरुवातीचा तुकडा शोधला, म्हणजे ‘पाण*’, ‘विह*’, ‘काप*’, तर बरंचसं काम होतं. कापडाच्या नोंदीही येतील, तेवढं चालवून घ्यायचं. पाऊस मात्र कुठल्याच तुकड्यात बसत नाही, कारण ‘पाऊस’ आणि ‘पावसा’ यांच्यात सामाईक उरतो फक्त ‘पा’. अशा शब्दांची छोटी जोडयादी करून ठेवलेली बरी: पाऊस म्हटलं की पावस* सुद्धा शोध. आपल्या विषयातले असे शब्द मोजकेच असतात.

दुसरा रस्ता ट्रायग्राम शब्दतोड्याचा. एसक्यूलाइटच्या ३.३४ आवृत्तीपासून, म्हणजे २०२० च्या अखेरपासून, तो आहे. तीन-तीन चिन्हांचे तुकडे करतो, त्यामुळे शब्दाच्या मधलाही भाग सापडतो. पण तीनपेक्षा कमी चिन्हांचा शब्द दिला तर काहीच देत नाही. घर, मध, ऊस, वड: सगळे दोनच चिन्हांचे. उसाच्या नोंदी ठेवणाऱ्याला ट्रायग्राम देऊन काय करायचं? मी म्हणून पहिलाच रस्ता धरतो.

६. पीडीएफ आणि जुने फॉन्ट

पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून साध्या नोटपॅडमध्ये टाका. इंग्रजी अक्षरांचा कचरा पडला तर ती फाइल श्रीलिपी, कृतीदेव किंवा शिवाजी अशा युनिकोडपूर्व फॉन्टात बनलेली आहे. फॉन्ट ओळखता आला तर रूपांतरक मिळतात, पण जोडाक्षरं आणि रफार एकदा नजरेखालून घालावे लागतात. देवनागरीच पडली, पण वेलांट्या भलत्याच अक्षरावर, तर तोही कामाचा मजकूर नाही. काहीच कॉपी झालं नाही तर ते चित्र आहे.

तिन्ही बाबतींत माझा सरसकट उपाय एकच: टेसरॅक्ट या चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरने मराठी ओळख चालवायची. फुकट आहे, मराठीचा संच वेगळा उतरवून घ्यावा लागतो, आणि पान ३०० डीपीआयला काढलेलं असेल तर छापील मजकुरावर चांगलं काम करतो. आलेला मजकूर शोधरूपाच्या रकान्यात टाका, मूळ पीडीएफ शेजारी ठेवा. हस्तलिखितावर आणि मोडीवर वेळ घालवू नका. तिथे हाताने लिहिलेली दोन ओळींची टीप जास्त उपयोगी पडते.

टीप सगळ्याच नोंदींना हवी खरं तर. आपल्याकडे भांड्यावर नाव, तारीख आणि कोणाकडून आलं ते घालतात, तेवढंच नोंदीवर घाला: कशासाठी ठेवलं, कुठून मिळालं. पंधरा टॅगांची सक्ती करणारी साधनं लोक महिनाभरात सोडून देतात. एका ओळीचा कुणाला जाच होत नाही. आणि सहा महिन्यांनी माणसाला मथळा आठवत नाही, ‘आईच्या गुडघ्यासाठी’ हे आठवतं. शोध त्या ओळीवर आधी चालवा. नोंदी परत डोळ्यांखालून जाव्यात म्हणून साधन उघडल्यावर गेल्या वर्षी याच आठवड्यातल्या तीन-चार नोंदी समोर याव्यात, एवढं पुरे.

७. इथे थांबा

डेटाबेस खराब झाल्याचा संदेश आला तर साधन बंद करा आणि फाइलची आहे त्या स्थितीत प्रत काढा. शेजारी नावाच्या शेवटी ‘-wal’ किंवा ‘-journal’ असलेल्या फाइली असतील तर त्याही सोबत घ्या, त्यांच्यात शेवटच्या नोंदी असू शकतात. प्रयोग करायचे ते प्रतीवरच. एसक्यूलाइटची रिकव्हर आज्ञा बरंच वाचवते. चालू डेटाबेस क्लाउडच्या फोल्डरमध्ये ठेवणं हे या दुखण्याचं एक मोठं कारण, त्यामुळे क्लाउडवर फक्त बॅकअप आज्ञेने काढलेली प्रत जाऊ द्या.

आता कुठे थांबायचं ते. डिस्कमधून टकटक आवाज येतोय, प्रत काढताना मध्येच अडकतंय, किंवा डिस्क दिसतेय आणि गायब होतेय: यंत्र बंद करा, विजेची पिन काढा. दुरुस्तीची सॉफ्टवेअरं, डिस्क तपासणी काहीही चालवू नका, प्रत्येक प्रयत्नात उरलेलं कमी होतं. एसएसडीवरून पुसलेलं परत हवं असेल तरीही यंत्र लगेच बंद करा, चालू ठेवलं तर ती पुसलेली जागा स्वतःहून साफ करते. इथून पुढे डेटा परत मिळवणाऱ्या व्यावसायिकाचं काम.

यंत्र ऑफिसचं असेल किंवा नोंदींत इतरांचे आधार क्रमांक, रुग्णांची माहिती असं काही असेल, तर साधा बिघाडही स्वतः काढू नका. आयटीवाल्यांना बोलवा.

हालचालींच्या यादीत आपण न केलेले शोध, आपण न उघडलेली पानं दिसली तर तो शोधाचा बिघाड नाहीच. खात्याचा पासवर्ड बदला, सगळ्या उपकरणांवरून बाहेर पडा, आणि पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा.

व्हॉट्सॲपचा बॅकअप स्वतःच्या पासवर्डने किंवा ६४ अंकी किल्लीने कुलूपबंद केला होता आणि ती हरवली, तर व्यावसायिकालाही देऊ नका. तो कुणालाच उघडता येत नाही, खुद्द कंपनीलाही नाही. ‘काढून देतो’ म्हणणारा फक्त पैसे काढून घेईल.

डिस्क दुरुस्तीला देताना काय गेलंय, शेवटची चांगली प्रत कधीची आहे आणि बिघाडानंतर आपण काय काय केलं हे कागदावर लिहून द्या. निदानाचे पैसे किती आणि डेटा मिळाला नाही तर किती, हे डिस्क हातात देण्याआधी विचारून घ्या.